कोडच्या आधी भाषा

मोहर्ली गेटवरची ताडोबा सफारी ऑनलाइन बुक होते. पण जंगलपट्ट्यातल्या शाळेत पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, की पडद्यावरचं चक्र अनेकदा फिरतच राहतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना याच क्यूआर कोडच्या पुस्तकांसाठी 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर. त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटले. लोकांच्या लक्षात कोड राहिला आणि डॉलर राहिले. पण मुलींच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्याच भाषेत, ही खरी अडचण होती. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकं भाषांतरित केली, कोड त्यानंतर आला.

बालभारती आठ भाषांत पुस्तकं काढते. त्यात आपली उर्दू आहे. ताडोबाभोवतीच्या गोंड घरांतली गोंडी नाही.

मित्रांनो, नेटवर्कचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. दीक्षा ॲपवरचे धडे डाउनलोड करून ठेवता येतात. कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर एका जुन्या लॅपटॉपवरून वर्गभर धडे पुरवतं, इंटरनेटशिवाय. सॉफ्टवेअर हाच माझा धंदा, म्हणून सांगतो, हे बसवणं एका रविवारचं काम आहे. गोंडी बोलणाऱ्या माणसांकडून धडा समजावून घेऊन तो रेकॉर्ड करणं मात्र रविवारी उरकणार नाही. चंद्रपूर-भद्रावतीच्या इंजिनीअर पोरापोरींनी लॅपटॉप उचलण्याआधी शाळेत जाऊन बाईंना, गुरुजींना एवढंच विचारावं: मुलं कोणत्या धड्याला अडतात?