इतिहासाची शिडी

आमचे एक स्नेही परप्रांतात मोठ्या हुद्द्यावर आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बंगल्यावर आमचा दोन दिवस मुक्काम पडला. रात्री जेवणे आटोपल्यावर गप्पा रंगल्या आणि त्या ओघात त्यांनी आपल्या जिल्ह्याचे वर्णन एका वाक्यात केले. ते म्हणाले, "डोंगरातले लोक अजून अश्मयुगात आहेत, सपाटीवरचे मध्ययुगात आहेत, आणि अर्वाचीन काळ आमच्या कचेरीच्या फाटकाशी सुरू होतो." बैठकीत हशा पिकला. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. परंतु निजावयास गेल्यावर ते वाक्य मनातून जाईना, आणि आपण हसलो याची लाज वाटू लागली.

हा लेख त्या स्नेह्यांवर नाही. ते कष्टाळू आहेत, सचोटीचे आहेत, आणि ते वाक्य खरे पाहता त्यांचे नव्हतेच. ते शाळेच्या क्रमिक पुस्तकाचे व स्पर्धापरीक्षेच्या टिपणवहीचे वाक्य होते. आपणां सर्वांना जगाचा इतिहास एका शिडीसारखा शिकविला गेला. खालच्या पायरीवर गुहेत राहणारा, केसाळ, अर्धवट माणूस. मधल्या पायरीवर हजार वर्षांचा अंधार, मठ, मूर्खपणा आणि महामारी. मग एके दिवशी फ्लॉरेन्समध्ये सूर्य उगवला, त्याचे नाव प्रबोधन, आणि तेथून माणूस माणसासारखा विचार करू लागला. आमचे म्हणणे असे की ही शिडी तिन्ही पायऱ्यांवर कुजकी आहे. केवळ परीक्षेपुरती ती पाठ केली असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस ती शिडी खांद्यावर घेऊन जिल्ह्यात जातो, म्हणून बोलणे भाग आहे.

प्रथम खालची पायरी पाहू. १८७९ साली उत्तर स्पेनमधील अल्तामिरा येथील गुहेत मार्सेलिनो दे साउतुओला नावाचा एक हौशी संशोधक जमीन उकरीत असता त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने मान वर करून छताकडे पाहिले. छतावर रानगवे होते, लाल आणि काळ्या रंगांत रंगविलेले, खडकाच्या उंचवट्यांचा उपयोग करून अंगाला गोलाई दिलेले. ही चित्रे अतिप्राचीन माणसाची आहेत असे साउतुओलाने प्रसिद्ध केले. विद्वानांनी काय केले? फ्रान्समधील प्रमुख पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी ती खोटी ठरविली. कारण पुरावा अपुरा होता असे नव्हे, तर गुहेतला माणूस इतके सुंदर काढूच शकणार नाही, असे शिडी सांगत होती. साउतुओला १८८८ मध्ये फसवेगिरीचा डाग माथी घेऊन वारला. पुढे फ्रान्समध्येच तशी चित्रे सापडत गेली, तेव्हा विरोधकांतील अग्रणी एमिल कार्तेलाक याने १९०२ साली आपली चूक छापून मान्य केली. त्याचा मोठेपणा खराच. पण साउतुओलाच्या थडग्यापर्यंत तो माफीनामा पोहोचला नाही.

दुसरे उदाहरण निअँडरथल माणसाचे. १९०८ साली फ्रान्समध्ये मिळालेल्या एका सांगाड्यावरून मार्सेलँ बूल या पंडिताने पाठीत वाकलेला, गुडघे मोडून चालणारा पशुतुल्य प्राणी उभा केला, आणि कित्येक पिढ्यांच्या पुस्तकांत तोच छापला गेला. १९५७ साली त्या हाडांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तो सांगाडा संधिवाताने जर्जर झालेल्या एका माणसाचा असल्याचे स्पष्ट झाले. रोग्याचे वाकणे सगळ्या जातीचा स्वभाव म्हणून नोंदविले गेले होते. २०१० साली त्यांच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्यांचा सुमारे १ ते ४ टक्के वारसा असल्याचे दिसले. म्हणजे ज्याला आपण पायरीखाली ढकलले तो आपल्या रक्तातच बसलेला आहे.

त्याच १९५७ साली मध्य भारतात काय घडले तेही सांगू, कारण ते आमच्या वाचकांना जवळचे आहे. उज्जैनला राहणारे विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने भोपाळकडे जात असता त्यांना खिडकीतून दूरवर वेगळ्याच घडणीचे खडक दिसले. ते तेथे गेले, आणि भीमबेटका जगापुढे आले. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या एका मराठी माणसाने त्या डोंगरांकडे मागासांची वस्ती म्हणून पाहिले नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे १९९५ पासून झालेल्या उत्खननाने तर शिडीचा पायाच हलविला. इ.स.पूर्व ९५०० च्या सुमारास, मातीची भांडीही घडविली जात नव्हती अशा काळी, शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या माणसांनी तेथे कोरीव, टनावारी वजनाचे खांब उभारले. आधी शेती, मग गाव, मग देऊळ, हा आपण पाठ केलेला क्रम त्यांना ठाऊक नव्हता.

आता मधली पायरी. 'अंधारयुग' ही कल्पना कोणाची? रोमच्या पतनानंतरच्या काळास अंधार म्हणण्याची प्रथा चौदाव्या शतकात पेत्रार्कने पाडली. प्राचीन, मध्य व अर्वाचीन अशी तीन दप्तरे करून पाठ्यपुस्तके लिहिण्याची रीत सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्राध्यापक सेलारियस याने रूढ केली. प्रबोधनास एका स्वतंत्र युगाचे सिंहासन मिशले याने १८५५ मध्ये आणि बुर्कहार्ट याने १८६० मध्ये दिले. आमच्या अधिकारी वाचकांना ही गोष्ट फोड करून सांगण्याचे कारण नाही. नवा साहेब चार्ज घेतो, तेव्हा पहिल्याच अहवालात तो काय लिहितो? पूर्वीच्या साहेबांच्या कारकिर्दीत दप्तर अस्ताव्यस्त होते, कामे तुंबली होती, शिस्त म्हणून नव्हती. मध्ययुगाविषयीचे आपले ज्ञान हा असा चार्ज-रिपोर्ट आहे. तो लिहिणाऱ्याची सही पाहिल्यावाचून आपण तो नक्कल करून घेतला.

त्या अंधारात काय चालले होते? बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड ही विद्यापीठे त्या अंधारात स्थापन झाली. १२८६ च्या सुमारास इटलीत चष्मा तयार झाला. म्हणजे प्रबोधनकाळचे म्हातारे पंडित ज्या भिंगांतून ग्रीक पोथ्या वाचीत होते ती भिंगे मध्ययुगाने दिलेली होती. पृथ्वी सपाट आहे असे त्या काळी शिकवीत, ही तर शुद्ध कंडी. तेराव्या शतकात लिहिलेले साक्रोबोस्कोचे गोलाविषयीचे पुस्तक विद्यापीठांतून शतकानुशतके शिकविले जात होते. कोलंबसाच्या टीकाकारांचा वाद पृथ्वीच्या आकाराविषयी नव्हता, तिच्या घेराविषयी होता, आणि त्या वादात टीकाकार बरोबर होते. सपाट पृथ्वीची कथा लोकांच्या डोक्यात बसविली ती मुख्यतः वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८२८ च्या कोलंबसचरित्राने.

आणि हा अंधार फक्त युरोपचा होता, हे सांगावयास आपले पुस्तक विसरले. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक ग्रीक वैद्यक अरबीत आणीत होता आणि अल्-ख्वारिझ्मी भारतीय अंकांवर ग्रंथ लिहीत होता. बाराव्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड टोलेडोस जाऊन अरबी शिकला, टॉलेमीच्या ग्रंथासाठी. १२०२ साली पिसाच्या लिओनार्दोने तेच भारतीय अंक इटलीच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवले. फ्लॉरेन्सच्या सराफ-संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरण्यास बंदी केली. नव्या चालीला पहिला उत्तर-शेरा 'नामंजूर' असा मारण्याची रीत किती जुनी आहे पाहा! कागद चीनमधून अरबांकडे व अरबांकडून इटलीकडे गेला. तो नसता तर गुटेनबर्गने मुद्रणयंत्र कशासाठी चालविले असते?

याहून मौज पुढे आहे. प्रबोधनकाळच्या पंडितांना जुन्या लॅटिन पोथ्या मठांतून मिळाल्या. पोज्जोला १४१७ साली लुक्रेशियसचे काव्य मिळाले तेही जर्मन भूमीतील एका मठात. त्या पोथ्यांचे सुबक अक्षर त्यांना फार आवडले. हेच खरे रोमन अक्षर, असे समजून त्यांनी ते उचलले आणि पुढे छापखान्याने तेच घेतले. वस्तुतः ते अक्षर रोमनांचे नव्हते. ते आठव्या-नवव्या शतकांतील शार्लमेनच्या काळच्या मठवासी लेखनिकांचे होते. ज्यांना अंधारातले म्हणून हिणविले त्यांच्याच हस्ताक्षरात प्रबोधन लिहिले गेले.

वरची पायरी उरली. तिच्यावर प्रकाश होता, हे आम्ही नाकारीत नाही. ब्रुनेलेस्कीचा घुमट, लिओनार्दोची टिपणे, १५४३ चा कोपर्निकसचा ग्रंथ यांपुढे आम्ही नम्र आहोत. कोपर्निकसच्या भूमितीतील काही युक्त्या मराघा व दमास्कस येथील ज्योतिर्विदांनी आधी वापरल्या होत्या, एवढेच त्याला जोडतो. परंतु हा प्रकाश कोणाकोणावर पडला? १४४४ साली पोर्तुगालच्या लागोस बंदरात २३५ आफ्रिकी माणसे गुरांसारखी वाटून घेतली गेली. १४८६ च्या सुमारास चेटकिणी ओळखण्याचा कुप्रसिद्ध ग्रंथ छापला गेला आणि नव्या मुद्रणकलेने त्याच्या आवृत्त्या काढल्या. चेटूक केल्याच्या आरोपावरून ज्यांना देहान्त झाला त्यांची संख्या इतिहासकार ४० ते ६० हजार धरतात, आणि त्यांतील बहुतेक मध्ययुगातले नव्हेत, सोळाव्या-सतराव्या शतकांतले आहेत. १४९२ हे कोलंबसाचे वर्ष आपण पाठ करतो. त्याच वर्षी स्पेनमधून ज्यू हद्दपार झाले, हे किती जणांना आठवते?

येथे दोन्ही बाजूंचे आक्षेप आम्हांस ऐकू येतात. एक म्हणेल, तुम्ही मध्ययुगाची आरती करता. नाही. १३४७ पासूनच्या चार-पाच वर्षांत युरोपची तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक प्रजा प्लेगने खाल्ली, आणि त्याचे खापर फोडून ज्यूंच्या वस्त्या जाळण्यात आल्या. भूदासांचे जिणे आम्हांस ठाऊक आहे. दुसरा आनंदाने टाळी देईल आणि म्हणेल, पाहा, सगळे आमच्याच पोथ्यांत होते! त्याला तर आम्ही अधिक स्पष्ट सांगू. अंक येथून गेले हे खरे, पण बगदादने व पिसाने त्यांचे जे केले ते त्यांचे आहे. आणि प्राचीन सुवर्णयुग, मग हजार वर्षे काळोख, ही त्याची मांडणी तीच शिडी आहे. जेम्स मिल याने १८१७ साली, हिंदुस्थानात पाऊल न टाकता, आपल्या इतिहासाचे हिंदू, मुसलमानी व ब्रिटिश असे तीन तुकडे केले. तो तुकड्यांचा हिशेब आपण अजून मिरवितो. मराठी माणसाने तर जपून बोलावे. लीळाचरित्र तेराव्या शतकातले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची, दान्तेने आपल्या लोकभाषेत महाकाव्य आरंभिले ते त्यानंतर वीसएक वर्षांनी. 'मध्ययुगीन' ही शिवी असेल, तर ज्या भाषेत आम्ही हे लिहितो ती भाषाच शिवीच्या पोटी वाढली, असे म्हणावे लागेल.

आता त्या बंगल्याच्या ओसरीवर परत येऊ. डोंगरातली माणसे अश्मयुगात आहेत, असे म्हणण्याने नेमके काय साधते? शेरा मारणारा जबाबदारीतून सुटतो. जो भूतकाळातच राहतो त्याच्या आजच्या हालांना आजचे कोणी उत्तरदायी नाही, असा त्याचा अर्थ होतो. पण त्या माणसांची स्थिती अश्मयुगाने घडविलेली नाही. १८७८ च्या वन-कायद्याने राखीव जंगले वाढत गेली, फिरत्या शेतीवर बंधने आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणारा माणूस आपल्याच रानात चोर ठरला. हे सारे अर्वाचीन आहे. छापील, सही-शिक्क्याचे आहे. १८७१ च्या कायद्याने समाजचे समाज जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदविले गेले, तेही पुढारलेल्या काळाचेच काम. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याचा डाग त्या समाजांच्या अंगावरून अजून पुरता गेलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द संसदेने स्वतः घातले आहेत. अन्याय ऐतिहासिक आहे, माणसे ऐतिहासिक नाहीत. ती आपल्याच सालात, आपल्याच कचेरीबाहेर, अर्ज हातात घेऊन उभी आहेत.

म्हणून आमची मागणी लहान आहे. टिपणीत 'मध्ययुगीन', 'आदिम', 'मागासलेल्या मनोवृत्तीचे' असे शब्द येऊ लागले की लेखणी थांबवावी, आणि त्या जागी काय उणे आहे ते लिहावे: पावसाळ्यात तुटणारा रस्ता, शिक्षक नसलेली शाळा, निकालात न निघालेला वनहक्काचा दावा. या उणिवांवर कार्यवाही करता येते. युगावर करता येत नाही.

आमचे स्नेही हा अंक घेतात. ते हे वाचतील आणि बहुधा रागावतील. त्यांनी उत्तर अवश्य लिहावे, आम्ही ते याच पृष्ठांवर छापू. मात्र उत्तरात डोंगरातल्या त्या माणसांपैकी एकाचे तरी नाव, आणि त्याच्या दाव्याचे काय झाले, एवढे त्यांनी लिहावे अशी विनंती आहे.