टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्यांनो, आधी टेन्शन देणं बंद करा

सध्या एक नवा धंदा तेजीत आहे. ताणाचं व्यवस्थापन! हापिसात शिबिर, कॉलेजात शिबिर, बँकेत शिबिर. कडक इस्त्रीचा सदरा घातलेला एक गोड माणूस येतो. पडद्यावर मावळत्या सूर्याचं चित्र लावतो. म्हणतो, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मनात चांगले विचार आणा. ताण बाहेर नसतो हो, तो तुमच्या मनात असतो. टाळ्या. चहा-बिस्कीट. मानधनाचं पाकीट. संपलं टेन्शन.

श्वास घ्यायला आमची ना नाही. फुकट आहे, घ्यावा. पण त्या गोड माणसाला एकच प्रश्न विचारायचा आहे. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाने दीर्घ श्वास घ्यावा की घेऊ नये?

तिथे दीर्घ श्वास घेतला की माणूस मरतो. गटारातला वायू आधी नाकाची वास घेण्याची ताकद मारतो, मग माणसाला मारतो. २०१३ साली कायदा झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरलं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मेलेल्याच्या वारसांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं. २०२३ साली त्याचे तीस लाख केले. भाव वाढला, मरण थांबलं नाही. सकाळी डबा घेऊन गेलेला नवरा संध्याकाळी येईल की त्याचं प्रेत येईल, या विचाराने जिचं काळीज दिवसभर टांगणीला लागलेलं असतं, तिला सांगा की ताण तुझ्या मनात आहे. सांगून बघाच.

आपल्यातलेही काही कार्यकर्ते शहाणे आहेत. त्यांना वाटतं, टेन्शन, डिप्रेशन हे सगळे सदाशिव पेठेतले रोग, भरल्या पोटाची नाटकं. आपल्या माणसाला भाकरीचा प्रश्न, मनाचा कसला? दोस्तहो, हे बोलणं शिबिरवाल्याइतकंच खोटं आहे. मन ही वरच्या जातीची मालमत्ता आहे असं तुम्हीच कबूल करून टाकता. आमचा माणूस पन्नाशीच्या आत बीपीने पडतो, शुगरने पाय गमावतो, दारूने संपतो, तेव्हा त्याला काय झालं होतं? त्याला टेन्शन होतं. फक्त त्याचा शब्द कुणी केसपेपरवर लिहिला नाही.

आता शास्त्राचं बोलू. कारण शास्त्र आमच्या बाजूचं आहे.

१९३६ साली माँट्रियलला हान्स सेल्ये या माणसाने उंदरांवर प्रयोग केले. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला जखम केली, कुणाला दमेपर्यंत राबवलं, कुणाला विष टोचलं. इजा वेगवेगळी, पण शरीराचं उत्तर एकच. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगल्या, रोगाशी झुंजायला लागणारी छातीतली ग्रंथी आकसली, जठरात जखमा झाल्या. इथून ताणाचं शास्त्र सुरू झालं. त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने नको म्हटलेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापून काढलं. एकाने सांगितलं, इजा झाली की शरीराचं काय होतं. दुसऱ्याने सांगितलं, या देशात इजा करणारं यंत्र कोणतं. शिबिरवाल्यांनी पहिल्याचं अर्धं उचललं, दुसऱ्याचं पुस्तक उघडलंच नाही. सेल्येच्या उंदराला कुणी म्हटलं नव्हतं, बाबा रे, सकारात्मक विचार कर!

आणि हा सेल्येही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याने तंबाखू कंपन्यांचा पैसा घेतला. १९६९ साली कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे त्याने धूम्रपानाने ताण हलका होतो अशी वकिली केली. म्हणजे ताणाच्या नावाने माल खपवायची चाल जुनीच. आमच्या वस्तीत पुडी विकणारा कंपनीवाला तेच करतो. भूक मारायला पुडी, झोप मारायला पुडी, अपमान गिळायला पुडी. शेवटी जबडा उघडत नाही. मग बोलणार कसं?

शरीराचं काम साधं आहे. समोर वाघ आला की रक्तात ॲड्रेनलिन सुटतं. काळीज धडधडतं, रक्तदाब चढतं, साखर रक्तात उतरते, पचन थांबतं. लढ नाहीतर पळ. त्यामागून कॉर्टिसॉल येतं आणि ही तयारी टिकवून धरतं. वाघ गेला की सगळं जाग्यावर. पण आमचा वाघ जात नाही. आमचा वाघ रोज सकाळी सहा वाजता हजेरीचं बुक घेऊन उभा असतो. त्याच्याशी लढावं तर खाडा लागतो, पळावं तर चूल विझते. मग चढलेलं रक्तदाब चढलेलंच राहतं, उतरलेली साखर रक्तात फिरत राहते. महिने नाही, वर्षं. यालाच आपण टेन्शन म्हणतो.

साहेब लोकांचा आवडता समज असा, की मोठ्या खुर्चीला मोठं टेन्शन, म्हणून हार्ट अटॅक साहेबाला येतो. १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. तो व्हाइटहॉलचा अभ्यास म्हणून ओळखला जातो. मायकेल मार्मट आणि त्याच्या सोबत्यांनी १९७८ साली हिशेब मांडला. निघालं उलटं. सगळ्यात खालच्या पायरीवरचे शिपाई, निरोपे हृदयरोगाने वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त मरत होते. बिडीकाडी, रक्तदाब सगळं जमेस धरूनही फरक भरून निघेना. आणि ध्यानात घ्या, हे उपाशी लोक नव्हते. पगारी नोकर होते. तिथे जात नव्हती, नुसता हुद्दा होता. नुसत्या हुद्द्याची शिडी माणूस मारते, तर जिची पायरी जन्माने ठरते, जी मेल्यावरही स्मशान वेगळं ठेवते, ती शिडी काय करत असेल?

१९७९ साली अमेरिकेत रॉबर्ट करासेकने याचं कारण नेमकं धरलं. काम जास्त असल्याने माणूस तेवढा मोडत नाही. काम जास्त आणि अधिकार काहीच नाही, तिथे मोडतो. म्हणजे ताणाचं मूळ सत्तेत आहे. कंत्राटी सफाई कामगाराला विचारा. झाडू कधी मिळेल ते मुकादम ठरवणार, पगार कधी होईल ते कंत्राटदार ठरवणार, उद्या काम आहे की नाही ते कुणीच सांगणार नाही. त्याच्या हातात काय, तर दीर्घ श्वास!

लहान पोरांचं बघा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. २००४ साली त्याचा निबंध आला. कुणाची जात कुणाला ठाऊक नव्हती तेव्हा दलित पोरं नि सवर्ण पोरं बरोबरीची निघाली. मग सगळ्यांदेखत नाव, गाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवली. दलित पोरांचे सुटणारे चक्रव्यूह कमी झाले. डोकं तेच, कागद तोच, पेन्सिल तीच. मध्ये आला तो एक शब्द, मोठ्याने उच्चारलेला. आता सांगा, गुणवत्ता कोण खातं?

हा शब्द आम्हाला रोज ऐकवला जातो. भाड्याची खोली बघायला जावं.

“नाव काय?”
सांगितलं.
“पूर्ण नाव?”
सांगितलं.
“गाव कुठलं? नाही म्हंजे, तुम्ही लोक कोण?”

मग खोली कालच गेलेली असते. आता कॉलेजात “रँक किती रे?” विचारतात. हाही जातच विचारायचा प्रश्न. वर्गात “सरकारचे जावई”, मेसमध्ये बाजूची खुर्ची रिकामी. पोरगं रात्री झोपत नाही. घरी फोनवर सांगतं, मजेत आहे आई. दिल्लीच्या एम्समध्ये काय चालतं ते सुखदेव थोरात समितीने २००७ सालीच लिहून दिलं होतं. वाचलं कुणी? १७ जानेवारी २०१६ ला हैद्राबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. लगेच शहाणे पुढे आले: पोरं नाजूक असतात, ताण सोसत नाही त्यांना. नाजूक? पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडून, मैला उपसून जे जगले त्यांची पोरं नाजूक? तुमचं एक पोर एक महिना त्या खुर्चीवर बसवा, मग बोला.

काही जण आता बुद्धाला पुढे करतील. म्हणतील, दुःखाचं मूळ तृष्णा, तृष्णा सोडा, शांत बसा. ध्यानाला आमचा विरोध नाही, ज्याला बरं वाटतं त्याने करावं. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच चार आर्यसत्यं मूळची बुद्धाची का, हा सवाल टाकला आहे. १९२७ साली महाडला आमची तृष्णा पाण्याची होती. ती सोडून द्यायची नव्हती. तळ्यावर जाऊन भागवायची होती.

आता एक कडू गोष्ट. टेन्शन पाण्यासारखं असतं, उताराकडे वाहतं. साहेब मुकादमावर ओरडतो, मुकादम कामगारावर, कामगार घरी येऊन बायकोवर हात टाकतो. बायकोच्या खाली कोण? पोर. बाबासाहेब जिला पायऱ्यापायऱ्यांची विषमता म्हणाले ती आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही चढून बसली आहे. ती बाई चार घरची धुणीभांडी करते, तिथे तिचा कप वेगळा. आल्यावर नळाची रांग, संडासची रांग, बचतगटाचा हप्ता. तिला कुठलं शिबिर? बाहेर क्रांतीचं भाषण आणि घरात बायकोला लाथ, हा आमच्यातल्या पँटवाल्यांचा मनुवादच आहे. मुकादमाचा राग मुकादमाला द्या. बायकोला देऊ नका.

आणि सरकार काय करतंय? मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणायचा कायदा पुढे रेटला, तो १९४६ साली झाला. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांचा बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच, म्हणतात. ज्याला जाता-येता लोकलला तीन तास लागतात, त्याच्या बारा तासांत तीन मिळवा. मग झोप कुठून आणायची ते शिबिरवाल्याने सांगावं.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन बीपी उतरत नाही, हे आम्हालाही कळतं.

पहिलं, टेन्शनचा पत्ता लिहा. कागद घ्या. कोण देतं, कधी देतं, किती देतं. तीन ढीग करा: मी एकटा हलवीन असं, दहाजण मिळून हलवू असं, कायद्याने नि लढ्याने हलेल असं. सगळं एका डोक्यावर घेतलं की डोकं फुटतं. वाटून घेतलं की ओझं कळतं.

दुसरं, शरीर सांभाळा. ते आपलं एकमेव हत्यार आहे. सरकारी दवाखान्यात बीपी, शुगर बघून घ्या. दारूने झोप लागते हा भ्रम आहे, ती मध्यरात्रीनंतर झोप मोडते. पुडीने शांत वाटतं ते पुडीचीच तलफ भागते म्हणून. श्वास हळूहळू सोडला की काळीज खरंच थोडं संथ होतं. तो मुकादमापुढे उभं राहण्याआधी सोडा, म्हणजे तक्रारीवर सही करताना हात थरथरणार नाही.

तिसरं, एकट्याने सोसू नका. आठवड्यातून एक रात्र विहारात बसा. भाषण नको, नुसतं ज्याचं त्याने सांगायचं. बायांची बैठक वेगळी, तिथे पुरुषांनी नाक खुपसायचं नाही.

चौथं, दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, तर डॉक्टर गाठा. लाज कसली? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क केला आहे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. दोस्त गप्प-गप्प राहायला लागला तर त्याच्या खोलीवर जा. त्याला एकटं सोडू नका. आपल्याला आणखी फोटो भिंतीवर नको आहेत.

पाचवं आणि मोठं, संघटना. ज्याच्या हाती काही नाही तो मोडतो, हे शास्त्राने सांगितलं. मग हाती काही घेणं हाच इलाज. मुकादमाकडे एकटा गेला तर काळीज धडधडतं. चाळीसजण गेले तर धडधड मुकादमाला होते.

पुढच्या शिबिरात चहा-बिस्किटाआधी उभे राहा आणि विचारा: टेन्शन देणारे कुठे आहेत? कंत्राटदार, मुकादम, रँक विचारणारे, खोली नाकारणारे? त्यांना बसवा पहिल्या रांगेत. आधी त्यांचं व्यवस्थापन करू. श्वास नंतर घेऊ.

जय भीम!