रानभाजीला औषध करू नका

पहिला पाऊस पडला की जव्हार आणि मोखाड्याच्या बाजारात शेवळे, टाकळा, फोडशी, बांबूचे वास्ते यांचे वाटे दिसू लागतात. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाज्या महोत्सव भरतात. तेथे भाजीशेजारच्या पाट्यांवर ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘मूळव्याधीवर उपयुक्त’ असे दावे हमखास वाचायला मिळतात. शहरी ग्राहक पाटी वाचून जुडी घेतो. रानभाजीचे कौतुक व्हायलाच हवे. पण ते औषध म्हणून झाले, तर तिचा खरा उपयोग मागे पडतो.

असे दावे जगभर होतात. थायलंडच्या टॉम यम सुपातील गवती चहा आणि कुळिंजन यांनाही अनेक रोगांवरचा उपाय ठरवले जाते. मात्र प्रयोगशाळेत वनस्पतीच्या अर्काचा पेशींवर दिसलेला परिणाम जेवणातल्या चार तुकड्यांनी माणसाच्या शरीरात होईलच, असे नाही.

रानभाजीचे खरे मोल अन्न म्हणून आहे. हिरव्या पाल्यातून फोलेट, बीटा कॅरोटीन, कॅल्शियम, लोह आणि तंतू मिळतात. यातील बीटा कॅरोटीन अंगी लागण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून भाजीला चमचाभर खुरासणीचे तेल हवे. पाल्यातले लोह शरीर कमीच शोषते. लिंबू पिळले तर शोषण वाढते आणि जेवणावर लगेच कोरा चहा घेतला तर घटते.

भाजी कशी रांधायची, हे ज्ञान आदिवासी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यामुळे घसा खवखवतो. म्हणून ती काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून भरपूर शिजवतात. वास्त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. ते चिरून, भिजवून, उकळून पाणी फेकून देतात. कडूकंदाच्या चकत्या उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात. पाटीवर लिहायचेच असेल, तर ही कृती लिहावी. ती न विचारता भाजी नेणाऱ्याला गुण येण्याऐवजी त्रास होण्याची शक्यता अधिक.

आता मुख्य मुद्दा. १९९२ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी जव्हारकडे राज्याचे लक्ष गेले. कुपोषणाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरात धान्य कमी, शेतात काम जास्त आणि मुलांना जुलाब-ताप, असे हे दिवस. नेमक्या याच दिवसांत रान हिरवे होते, म्हणून रानभाजी मोठा आधार ठरते. तरीही पाल्याचा बराचसा भाग पाणीच असतो, त्यात उष्मांक थोडे असतात. वर्षाच्या बाळाचे इवलेसे पोट नुसत्या पाल्याने भरले, तर वाढीला लागणारी ताकद कुठून येणार? त्याला भाजीबरोबर नागली, डाळ, तेल आणि अंडे हवे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात त्याचा अल्पांशच असतो.

बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते. तेथे घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. आरोग्य केंद्र गाठावे. गरोदर बाईने भाजी खावी आणि लोह-फॉलिकच्या गोळ्याही चुकवू नयेत. या भागात सिकलसेलही आढळतो. त्यामुळे रक्त कमी असेल, तर आधी तपासणी हवी.

गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून २०१५ पासून एक वेळचे गरम जेवण मिळते. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस त्यात स्थानिक रानभाजी असावी आणि ती गावातल्याच बायकांकडून रोख पैसे देऊन घ्यावी. भाजी शहरात विकायला हरकत नाही. पण टोपली शहरात रिकामी झाली आणि घरच्या मुलासाठी बदल्यात बिस्किटाचा पुडा आला, तर तो सौदा तोट्याचा आहे. रानातल्या भाजीचा पहिला वाटा रानाजवळच्या ताटात पडावा, हेच तिचे सर्वांत मोठे गुणकारीपण ठरेल.