हाजींची लस आणि पानथरीविना जन्मलेली लेकरं

सोलापुरातून हजला निघणाऱ्या प्रत्येकाला मेनिंगोकोकल मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. सौदी सरकारची तशी अटच आहे आणि हज कमिटीच्या यात्रेकरूंसाठी आपलं सरकार तिची सोयही करतं. हीच लस पानथरी, म्हणजे प्लीहा, नसलेल्या बाळांनाही लागते.

पानथरी नसणं आणि हृदयाचे गंभीर जन्मदोष जोडीनं येतात, हे स्वीडनच्या आयव्हमार्क यांनी १९५५ साली मांडलं. पानथरी रक्तातले जंतू गाळते. ती नसेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो.

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयदोषाचा उपचार मोफत आहे. न्यूमोकोकसची लसही २०२१पासून देशभर मोफत मिळते. मेनिंगोकोकलची मात्र नेहमीच्या लसीकरणात नाही. विड्या वळणाऱ्या आईनं ती विकत कशी घ्यायची?

म्हणून ग्रहणाला, नशिबाला किंवा त्या आईला बोल लावणं सोडू या. बाळाच्या हृदयात असा दोष निघाला तर सोनोग्राफीत पानथरी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. आणि सरकारला सांगू या : हाजींसाठी जमतं, ते या मोजक्या लेकरांसाठीही जमलं पाहिजे.