पायावरच्या फुगलेल्या शिरा



संध्याकाळी पाय जड होतात, पोटऱ्या ठणकतात, घोट्याशी सूज येते आणि पोटरीवर निळ्या शिरा गांडुळासारख्या वर येतात. हे दुखणे पुष्कळ घरांत असते. पण बाया ते लुगड्याखाली झाकतात आणि पुरुष कामाचा शीण म्हणून सोडून देतात. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

हे होते कसे, ते आपल्या विहिरीवरून समजून घ्या. हृदयाकडून पायाकडे रक्त नेतात त्या रोहिणी आणि परत आणतात त्या नीला. नीलांना रक्त खालून वर चढवायचे असते, म्हणून त्यांच्या आत जागोजागी झडपा असतात. पंपाच्या पाइपाला खाली फुटव्हॉल्व्ह असतो ना, तशाच! पाणी वर जाऊ द्यायचे, मागे परतू द्यायचे नाही. इथे पंपाचे काम पोटरी करते. आपण चाललो की तिचे स्नायू आवळतात व रक्त वर ढकलतात. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचते आणि शीर फुगून वेडीवाकडी होते. या झडपांचे काम विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपल्या ग्रंथात उलगडून दाखवले.

हे दुखणे चालण्याने नव्हे, एका जागी उभे राहण्याने बळावते. सोलापुरात यंत्रमागावर पाळीभर उभ्या असणाऱ्या कामगाराला त्याचा त्रास होतो. पंढरीची वाट चालणाऱ्याची पोटरी काम करीत असते. दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहिले की ती थांबते. अशा वेळी टाचा वर-खाली करीत राहावे. विड्या वळायला मांडी घालून बसणाऱ्या बहिणींनी अधूनमधून उठून चार पावले चालावे. घराण्यात हे दुखणे असेल, बाळंतपणे जास्त झाली असतील किंवा अंगाने स्थूल असाल, तर अधिक जपावे.

दुर्लक्ष केले तर घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाजते आणि तिथे जखम होते. ती महिनोन्‌महिने भरत नाही.

फुगलेल्या शिरेवरची कातडी पातळ असते. ज्वारीचे धसकट लागले तरी रक्ताची धार लागते. घाबरू नका, पण उभेही राहू नका, बसूही नका. लगेच आडवे व्हा, पाय छातीपेक्षा उंच धरा आणि स्वच्छ फडके दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाबून ठेवा. मध्येच उचलून पाहू नका. वरच्या बाजूला दोरी आवळू नका. त्याने रक्त जास्त वाहते. तंबाखू, चुना, माती काही भरू नका. रक्त थांबले तरी दवाखान्यात जाच.

एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर आतल्या शिरेत गाठ धरली असू शकते. तो पाय चोळू नका. तीच गाठ फुप्फुसात गेली तर दम लागतो आणि जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही पाय सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड किंवा अंगात रक्त कमी असणे हेही कारण असू शकते. तेही तपासून घ्या.

उपाय आहेत. रात्री पायाखाली उशी घ्यावी. डॉक्टरांनी सांगितल्यावर सकाळी उठण्यापूर्वी बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधावी. विडी ओढणाऱ्याचे पाऊल गार पडत असेल तर विचारल्याशिवाय पट्टी बांधू नये. सोनोग्राफीने बिघडलेली झडप सापडते; मग इंजेक्शन, लेसर किंवा शस्त्रक्रियेने ती शीर बंद करतात. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून वाट काढते.

सोलापूरच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयाला १९६३ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तिथे शस्त्रक्रिया विभागात पाय दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा. आणि आज रात्री घरातल्या आईला, सासूला एवढेच म्हणा, "पाय दाखवा पाहू!"