गुडघा दुखतोय आणि भरती तोंडावर आलीय

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की दोन-तीन आठवड्यांत आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत विशीतली मुलं-मुली दिसू लागतात. पायात नवे बूट, हातात केसपेपर आणि तक्रार एकच : गुडघा. मागे असाच एक तरुण आला. शेतात राबणारा, अंगाने काटक. पण आयुष्यात कधी धावला नव्हता आणि आता रोज पहाटे डांबरी रस्त्यावर सहा किलोमीटर धावत होता. "सर, वय संपत आलंय, ही शेवटचीच भरती. एखादं इंजेक्शन द्या, ग्राउंडपुरतं निभावून जाईल," असं त्याचं म्हणणं. खिशात वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट होतं. धावायला निघण्याआधी रोज एक.

तपासलं तेव्हा सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता. दुखणं वाटीच्या भोवती. जिना उतरताना, उकिडवं बसल्यावर आणि बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर वाढणारं. नव्याने धावणाऱ्यांत नेहमी आढळणारा हा त्रास आहे. ही संधिवाताची सुरुवात नव्हे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून पायावर येतो. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायुबंध आणि हाडं तयार व्हायला काही महिने लागतात. छाती 'पळ' म्हणते तेव्हा गुडघा अजून तयार झालेला नसतो.

अशा वेळी गोळी खाऊन धावणं सगळ्यात वाईट. दुखणं दबतं, इजा वाढत राहते. शिवाय घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर आघात करू शकतात आणि रिकाम्या पोटी जठरालाही त्रास देतात. गावोगावी दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं तर स्नायुबंध कमकुवत करू शकतात. म्हणून मी त्याला इंजेक्शन दिलं नाही. तो नाराज झाला, आणि त्याची नाराजी मला समजत होती.

मग करायचं काय? खाटेवर पडून राहायचं नाही. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवत असेल, तर तेवढं धावणं चालतं. त्यापुढे गेलं तर अंतर कमी करा. सुरुवातीला एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, तेही दिवसाआड. पावलं लांब टाकू नका. ती आखूड आणि थोडी जलद पडली की वाटीवरचा भार घटतो. आठवड्यातून तीनदा मांडी आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम करा : खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, कुशीवर झोपून पाय वर उचलणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे द्या.

गुडघ्याला सूज आली, तो अडकला किंवा एकाएकी दगा देऊ लागला, पायावर भार देता येईना, रात्री दुखून झोप मोडली, ताप आला किंवा नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ आली, तर मात्र धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

चाळिशीत धावायला लागलेल्यांना वेगळीच भीती असते : धावून गुडघे झिजतील. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हौशी धावणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची सांधेझीज आढळली, बैठ्या लोकांत सुमारे दहा टक्के, तर मोठ्या स्पर्धांत उतरणाऱ्यांत तेरा टक्के. धावण्यानेच गुडघे वाचतात, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. पण बेताचं धावणं गुडघ्याचा शत्रू नाही, एवढं नक्की.

त्या तरुणाच्या हाती तीनच आठवडे होते. पूर्ण बरं वाटेल, असं वचन मला देता आलं नाही. मी विचारलं, परीक्षेत किती धावायचंय? मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मग रोज सहा किलोमीटर कशासाठी? तो म्हणाला, "अकॅडमीत सगळेच पळतात." नवखा कोण आणि दोन वर्षं सराव केलेला कोण, हे न पाहता सगळ्यांना एकाच रांगेत पळवणाऱ्या अकॅडम्यांनी याचा विचार करायला हवा. आपल्या मुलांना जाहिरातीची वाट न पाहता सहा महिने आधी, गावातल्या मैदानावर, हळूहळू सुरुवात करता यायला हवी. पुढच्या भरतीची जाहिरात अजून निघालेली नसेल, तर सुरुवात करायला हीच वेळ योग्य आहे.