नाव खेळाडूंनी ठेवलं, पण मालक कोण? ‘व्हॉक्स मॅकिना’ची गोष्ट वेगळी का आहे

प्राइम व्हिडिओवर १९ नोव्हेंबर २०२५ला ‘द मायटी नाइन’ ही अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. त्याआधी २०२२पासून तिथे ‘द लेजेंड ऑफ व्हॉक्स मॅकिना’ आहेच. ही दोन्ही नावं कुठल्या स्टुडिओच्या मार्केटिंग टीमला सुचलेली नाहीत. काही मित्र खेळायला बसले होते, त्यांनी खेळता खेळता आपल्या टोळीला ठेवलेली ही नावं आहेत.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या पहिल्याच भागात ती चार मुलं तळघरात बसून खेळतात ना, तोच. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात आणि डाव जमला की फसला हे फासे ठरवतात. पात्रांच्या या गटाला ‘पार्टी’ म्हणतात. अशी पार्टी चार गावं फिरली, दोन-तीन राक्षस मारले, की गोष्टीतला कुणीतरी सरदार किंवा खानावळवाला विचारतोच, “तुम्ही कोण?” मग नाव लागतं. ते बहुतेक वेळा थट्टेतून येतं.

‘व्हॉक्स मॅकिना’चंच बघा. २०१२मध्ये लियम ओब्रायन या व्हॉइस आर्टिस्टच्या वाढदिवसासाठी हा डाव मांडला गेला. गोष्ट सांगायला मॅथ्यू मर्सर होता. तेव्हा टोळीचं नाव होतं ‘सुपर हाय इंटेन्सिटी टीम’. इंग्रजी आद्याक्षरं तुम्हीच जोडून बघा. या नावाने राजदरबारात उभं राहणं अवघडच होतं! पुढे ‘व्हॉक्स मॅकिना’ झालं. ‘मायटी नाइन’मध्येही कोटी आहे. जर्मनमध्ये ‘नाइन’ म्हणजे ‘नाही’, इंग्रजीत ऐकायला तो आकडा वाटतो आणि टोळीत मुळात नऊ जण नव्हतेच.

या मंडळींनी १२ मार्च २०१५पासून ‘क्रिटिकल रोल’ नावाने आपला खेळ इंटरनेटवर लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. २०१९मध्ये त्यांनी एका छोट्या अ‍ॅनिमेशनपटासाठी किकस्टार्टरवर साडेसात लाख डॉलर मागितले. तेवढे तासाभरातच जमले. मोहीम संपली तेव्हा आकडा १ कोटी १३ लाख डॉलरच्या पुढे गेला होता.

आता प्रश्न येतो मालकीचा. कारण याआधी हाच प्रकार एकाला चांगलाच महागात पडला होता आणि तो माणूस म्हणजे या खेळाचा सहनिर्माता.

टेन्सर कोण होता?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४मध्ये प्रकाशित झाला. त्याआधी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा गावातल्या घरी, गायगॅक्स आपल्या ‘ग्रेहॉक’ या काल्पनिक जगात खेळ घेत असत. पहिले खेळाडू त्यांचीच मुलं, अर्नेस्ट आणि एलिस. अर्नेस्टने आपल्या जादूगाराचं नाव ठेवलं टेन्सर. ‘अर्नेस्ट’ची इंग्रजी अक्षरं इकडची तिकडे केली की झालं. मित्र जिम वॉर्डचं नाव उलटं लिहून ‘ड्रॉमिज’ तयार झाला. गायगॅक्स यांचं स्वतःचं पात्र होतं मॉर्डेनकायनेन. घरच्या या खेळात ‘सिटाडेल ऑफ एट’ नावाची टोळी जमली आणि पुढे ‘सर्कल ऑफ एट’ आलं.

१९८५मध्ये टीएसआर या आपल्याच कंपनीवरचा गायगॅक्स यांचा ताबा गेला आणि नंतर ते बाहेर पडले. गॉर्ड या पात्राचे हक्क त्यांच्याकडे राहिले, मॉर्डेनकायनेन मात्र कंपनीकडे गेला. चिडलेल्या गायगॅक्स यांनी १९८८च्या गॉर्ड कादंबरीत ग्रेहॉकचं अख्खं जगच नष्ट करून टाकलं. कंपनीने अर्थातच ते मनावर घेतलं नाही.

कंपनीने ‘सर्कल ऑफ एट’ला जादूगारांचं मंडळ बनवलं. १९९२मध्ये छापलेल्या गोष्टीत त्यातला रॅरी गद्दार निघतो आणि टेन्सरला ठार मारतो. म्हणजे एका मुलाने बापासोबत खेळताना घडवलेलं पात्र बापाला काढून टाकलेल्या कंपनीने मारलं. (१९९८मध्ये टेन्सर परत आला, कारण जादूगार फार काळ मेलेले राहत नाहीत.) रॅरी हे मुळात ब्रायन ब्लूम यांचं पात्र. ब्लूम बंधूंनी आपले शेअर विकल्यामुळेच गायगॅक्स यांचा ताबा गेला होता. योगायोग असेलही, पण मला तो पूर्ण योगायोग वाटत नाही.

मग फरक कुठे पडला?

खेळ कसा चालतो, या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. नावं आणि पात्रं मात्र राखून ठेवता येतात. आज या खेळाची मालकी हॅस्ब्रोच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’कडे आहे. २०२३च्या सुरुवातीला कंपनीचा नव्या परवान्याचा मसुदा फुटला, चाहते भडकले आणि २७ जानेवारीला कंपनीला मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला करावा लागला. पण त्यात ‘टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क’ हा मंत्र नुसता ‘फ्लोटिंग डिस्क’ आहे. मंत्र कुणीही वापरा, टेन्सर मिळणार नाही.

‘क्रिटिकल रोल’ची कंपनी खेळाडूंनी स्वतःच काढली, त्यामुळे टोळ्यांची नावं त्यांच्याकडे राहिली. उसनं घेतलेलं मात्र मालिका करताना बदलावं लागलं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे घरोघरी पोचलेला व्हेक्ना या मालिकेत ‘द व्हिस्पर्ड वन’ होतो. पाइक जिची भक्ती करते ती सॅरेनरे देवी पेझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ खेळातली, म्हणून ती ‘एव्हरलाइट’. लाइव्ह खेळ पाहिलेल्यांना हे लगेच खटकतं, नव्या प्रेक्षकाला कळतही नाही.

मे २०२५मध्ये ‘क्रिटिकल रोल’ने ‘डॅगरहार्ट’ हा स्वतःचा खेळही बाजारात आणला. आता ते जुना खेळ सोडणार, असा अनेकांचा अंदाज होता. पण ऑक्टोबरमध्ये त्यांची चौथी मोठी मोहीम सुरू झाली, ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच नियमांवर. जग मात्र कोरं आहे, ब्रेनन ली मलिगनने नव्याने रचलेलं, देवांच्या नावांसकट.